पाहुण्यांसाठी दवंडी

चांगुणाबाईशी कुणी गोड बोलायला लागलं की ती त्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघायची. हात रिकामा असला तर हा काहीतरी न्यायला आलाय, आणि भरलेला असला तर नक्कीच न्यायला आलाय, असा तिचा सरळ हिशेब होता. औरादच्या बाजारात टमाटे घेताना ती तराजूखाली हात घालून बघायची. पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या नर्सबाईला तिनं एकदा म्हटलं होतं, "आधी तू पी, मग माझ्या नातीला दे." हाळसांगवीत या गोष्टी अजून सांगतात आणि हसतात. चांगुणाबाई मात्र हसत नाही. तिच्या मते नर्सबाईनं तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, ते अजूनही दिलेलं नाही.

त्यामुळं धनराज हातात पेढ्यांचा पुडा घेऊन अंगणात आला, तेव्हा ती बाजेवरून उठली नाही. पुडाही तिनं शेजारी ठेवायला लावला.

धनराज म्हणजे अंकुशराव पाटलांचा भाचा. बिदरला राहायचा, हॉटेलाचं काहीतरी शिकून आला होता. बिदरचा किल्ला बघायला हैदराबाद-बेंगळुरूहून जी मंडळी येतात त्यांना एक दिवस 'खरं खेडं' दाखवायचं, ही त्याची कल्पना. मामाच्या मळ्यात त्यानं झोपड्या बांधल्या होत्या; बाहेरून शेणामातीच्या, आतून एसीच्या. दर शनिवारी बस यायची. पाहुणे बैलगाडीत बसायचे, हुरडा खायचे, विहिरीवर फोटो काढायचे आणि रविवारी जायचे.

गावाला यातून काही मिळत नव्हतं असं नाही. चांगुणाबाईचा मुलगा राजपाल पाहुण्यांना जीपमधून फिरवायचा. हैदराबादला बांधकामावर गेलेली दोन-तीन पोरं परत आली होती. पण शनिवार आला की गावाचं सोंग सुरू व्हायचं. प्लास्टिकच्या घागरी आत आणि तांब्याच्या बाहेर. मोटारसायकली मारुतीच्या मागं. किराणा दुकानवाल्या सिद्धप्पाला धोतर नेसायला सांगितलं होतं. तो ते पँटीवरूनच गुंडाळायचा, आणि गिऱ्हाईक आलं की सुट्ट्यासाठी धोतरात हात घालून खिसा शोधत बसायचा. त्याची बायको हेमावती. तिच्या घरी गॅस येऊन किती वर्षं झाली, पण पाहुण्यांपुढं तिला चुलीवर भाकऱ्या थापाव्या लागायच्या. धुरानं डोळे गळायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं, बाई आपल्याला बघून गहिवरली. शाळेच्या भिंतीवर कुणा पोरानं मोबाइलात बघून वारली चित्रं काढली होती. काडीसारखी पांढरी माणसं हात धरून गोल नाचत होती. "ही कुठल्या गावची गं?" चांगुणाबाईनं नातीला विचारलं होतं. "आपल्यात तर असं कुणी नाचत न्हाई."

तिच्या घराच्या दर्शनी भिंतीलाही धनराजनं माती सारवून घेतली होती. भिंत निळ्या ऑइलपेंटची. राजपाल जीपच्या धंद्यापायी गप्प बसला. पण ऑइलपेंटवर माती धरते होय? तिसऱ्या दिवशी पापुद्रे सुटायला लागले आणि पंधरवड्यात भिंत पुन्हा निळी झाली. चांगुणाबाईनं त्या मातीला पाण्याचा एक हबकाही मारला नव्हता. मारायची इच्छा मात्र रोज व्हायची, हे तिनं कबूल केलं असतं.

तर असा हा धनराज. तो म्हणाला, "अज्जी, प्रियंकाताईकडं काम होतं."

"कामून?"

प्रियंका, राजपालची थोरली. उदगीरला बी. ए. केलं, नोकरीच्या परीक्षा देत होती. कॉलेजच्या पथनाट्यात ती डफ वाजवायची. जयंतीला माईक बंद पडला तरी हिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. ते पोरीला ठाऊक होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. आज्जीलाही होता, पण आज्जी तो दाखवत नसे.

"बस वेशीत थांबल," धनराज सांगायला लागला. "पाव्हणे उतरले की ताई डफ वाजवून दवंडी देईल. ऐका हो ऐका, हाळसांगवीत पाव्हणे आले हो! मग डफ वाजवत पुढं चालंल, मागून पाव्हणे. मारुतीच्या पारापर्यंत. एवढंच."

"गावात एवढी घरं हायत. तू आमच्याच घरी कामून आलास?"

"अज्जी, असा आवाज दुसऱ्या कुणाचा हाय, सांगा की."

उत्तर चांगलं होतं. फार लवकर आलं, एवढंच. पेढ्यांबरोबर बिदरहूनच बांधून आणल्यासारखं.

"पारापर्यंत का पारावर?" चांगुणाबाईनं विचारलं.

"म्हणजे?"

"पोरगी पारावर चढणार का खालीच उभारणार?"

धनराजनं मोबाइलात काहीतरी बघितलं. "ते काय ठरीवलं न्हाई अजून," तो म्हणाला. तोवर प्रियंका दारात आली होती आणि हो म्हणून बसली होती.

दोन दिवस चांगुणाबाईला चैन पडेना. दवंडी देणाऱ्यानं वेशीत आवाज द्यायचा, पारावर चढायचं नाही, ही जुनी रीत. पण दवंडी द्यायला पूर्वी कुणाला बोलवायचे, हे या गावात ज्यांना ठाऊक होतं ती म्हातारी माणसं एका हाताच्या बोटांवर उरली होती. धनराज कालचं पोरगं. मग ही दवंडी त्याच्या डोक्यात घातली कुणी?

शुक्रवारी ती मीठ आणायला सिद्धप्पाच्या दुकानात गेली. आत हेमावती सुपं पुसत बसली होती. नवी कोरी सुपं, कडेला लाल रंग.

"ही कशाला गं हेमाक्का?"

"उद्याची हायत, चांगुणाक्का. पाव्हण्यांच्या हातात एक एक द्यायचं म्हणे, जवारी भरून." हेमावती मान वर न करता बोलत होती. "तुमची प्रियंका दवंडी देणार न्हाई का? ती झाली की पाव्हणे तिच्या पदरात जवारी घालणारेत. फोटो काढणारेत."

"पदरात?"

"व्हय. धनराजनं तसंच सांगितलंय." आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण कुणाशी बोलतोय. लगेच म्हणाली, "मला काय ठाव अक्का, मी आपली सुपं पुसायले."

चांगुणाबाई मीठ न घेताच घरी आली.

प्रियंका आरशासमोर डफ छातीशी धरून उभी होती. आज्जीनं सांगितलं तसं ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. धनराजदादा म्हणले, तो कलाकाराचा सन्मान हाय."

"सन्मानाला शाल देतेत. नारळ देतेत. जवारी कामून?"

"गावाकडचं म्हणून."

"मग हेमाक्काच्या पदरात कामून घालत न्हाईत? ती बी गावाकडचीच हाय. भाकऱ्या तर तीच थापायली."

पोरगी चिडली. "तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतंय, आज्जी! मला येसकरकी ठाऊक न्हाई व्हय? मी भाषणं केलेत त्याच्यावर. ते मागं पडलं सगळं. आता मी माझ्या मर्जीनं करायले. डफ माझा, आवाज माझा. कुणाच्या हुकमानं करायले का मी?"

भाषणातलं तिला ठाऊक होतं, घरातलं नव्हतं. हाळसांगवीची येसकरकी याच घराकडं होती. वेशीत रात्र काढायची, दवंडी द्यायची, सांगावे न्यायचे, आणि बदल्यात घरोघर भाकरी मागायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा पुढाऱ्यांनी सांगितलं, हे सोडा. सगळ्यांनी माना हलवल्या. पण चांगुणाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हाही सासऱ्याची घुंगराची काठी कोपऱ्यात उभी होती, आणि नव्या सुनेनं सुगीला खळ्यावर जाऊन पदर पसरायचा होता. तिनं तो पसरला. एक वर्ष नाही, बरीच वर्षं. मग राजपाल झाला, आणि एके सकाळी तिच्या नवऱ्यानं, गुंडेरावांनी, ती काठी मोडून चुलीत घातली. तिच्यावर चहा उकळला. दोघांनी तो पिला आणि ठरवलं, पोरांपुढं हे कधी काढायचं नाही. पोरं ताठ वाढली पाहिजेत.

गुंडेराव गेले. चांगुणाबाईनं शब्द पाळला. आणि आता पाळलेला शब्दच आडवा आला होता. पोरीला काय सांगणार? बाई गं, तू जे भाषणात सांगतेस, ते मी आहे?

"शनिवारी मी बी येते," ती एवढंच म्हणाली.

"ये की," प्रियंका म्हणाली. तिला वाटलं, आज्जी निवळली.

आज्जी निवळली नव्हती. पोरीला अडवता येत नसेल तर ज्वारी अडवायची, असं तिनं ठरवलं होतं. सुपं पुढं आली की आपण मध्ये उभं राहायचं आणि पाहुण्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचं. बाजारात मुसलमान बागवानांशी बोलून बोलून तिची दखनी चांगली होती. शेळीला पाला घालताना तिनं वाक्य म्हणून बघितलं. "हमना देनेका नको. हमारे घरमें जवारी है." शेळीनं ऐकून घेतलं. वाक्य बरोबर होतं, आणि खरंही होतं. घरची तीन एकर होती, आणि तिच्यावरची ज्वारी यंदा चांगली आली होती.

शनिवारी सकाळी वेशीत ही गर्दी. दगडी कमानीला झेंडूची माळ. एका बाजूच्या ओट्यावर खुर्ची टाकून अंकुशराव पाटील फेटा बांधून बसलेले. वयानं ते आणि चांगुणाबाई बरोबरीचे. गुडघे गेलेले, तब्येत थकलेली. ती आलेली बघून त्यांनी हात जोडले. "या चांगुणाबाई. नातीचं काम बघायला आलाव व्हय? बसा."

ती बसली नाही. अंकुशराव हात जोडतात, याचंही तिला बरं वाटलं नाही.

धनराजनं प्रियंकाला हिरवं नऊवारी नेसायला लावलं होतं. तेवढं ठीक होतं. पण बसचा हॉर्न वाजला आणि त्यानं पळत जाऊन दोन वस्तू आणल्या. एक घोंगडी, ती प्रियंकाच्या खांद्यावर टाकली. आणि एक काठी, वरच्या टोकाला घुंगरं बांधलेली. ती त्यानं तिच्या मागं कमानीला टेकून ठेवली.

चांगुणाबाई काठीजवळ गेली. नवी काठी, सुताराकडून ताजी करून आणलेली. पण घुंगरं बरोबर जिथं बांधायची तिथंच बांधली होती.

"ही कुणी सांगितली रे तुला?" तिनं धनराजचा दंड धरला.

"मामानं. मामाला सगळं आठवतंय, अज्जी. मी नुसतं इचारायचं!" आणि तो बसकडं पळाला.

म्हणजे दवंडीही मामाचीच. तिनं अंकुशरावांकडं बघितलं. म्हातारा खुशीत होता, लहानपणीची जत्रा पुन्हा भरल्यासारखा. त्याच्या तोंडावर कसलाही दुष्टपणा नव्हता, आणि तेच बघून तिला जास्त राग आला. दुष्टपणा असता तर तोंडावर बोलता आलं असतं.

पाहुणे उतरले. टोप्या, गॉगल, मोबाइल. प्रियंकानं डफ उचलला आणि पहिली थाप मारली. "ऐका हो ऐकाऽ! हाळसांगवीत पाव्हणे आले होऽ!" काय आवाज होता पोरीचा! कमानीतून घुमून तो थेट चिंताकीच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. चांगुणाबाईच्या अंगावर काटा आला. त्यात अभिमान किती आणि भीती किती, हे तिला सांगता आलं नसतं. धनराज पाहुण्यांना हिंदीत समजावून देत होता की ही या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे आणि आजही हे लोक ती आनंदानं जपतात.

हेमावतीनं सुपं वाटली. चांगुणाबाई दोन पावलं पुढं आली. जिभेवर वाक्य तयार होतं.

सगळ्यात पुढं पांढऱ्या केसांची एक बाई होती, हैदराबादची. चेहरा मायाळू. ती सूप घेऊन प्रियंकाकडं निघाली, आणि मध्ये उभ्या असलेल्या म्हातारीला बघून थांबली. वय बघून तिनं मान लववली. "नहीं नहीं, पहले अम्मा को," ती म्हणाली, आणि सूप चांगुणाबाईपुढं तिरकं केलं.

आणि चांगुणाबाईचे हात वर आले. तिनं आणले नाहीत, ते आले. पदराची दोन टोकं चिमटीत धरली गेली, मधला घोळ खाली सुटला, मान एका बाजूला कलली. ज्वारी सरसर पदरात पडली. जिभेवरचं वाक्य जिभेवरच राहिलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "कितनी नॅचरल हैं," कुणीतरी म्हणालं.

ओट्यावरून अंकुशराव मोठ्यानं हसले. मायेनंच हसले. "चांगुणे! अजून इसरली न्हाईस की गं!"

चांगुणे. इतक्या वर्षांत कुणी या नावानं हाक मारली नव्हती. राजपाल ग्रामपंचायतीत निवडून आला होता तेव्हापासून तर ती अंकुशरावांच्या तोंडीसुद्धा चांगुणाबाईच होती. खळ्यावर पदर पसरून उभी असायची ती चांगुणी.

डफ थांबला.

प्रियंकानं आधी अंकुशरावांकडं बघितलं, मग आज्जीच्या पदराकडं, ती दोन टोकं कशी धरलीत त्याच्याकडं. पोरगी हुशार. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. डफ खाली टाकून ती धावत आली.

"आज्जी, सोड. सोड ते. दे माझ्याकडं." आज्जीला त्यातून सोडवायचं, एवढंच तिला कळत होतं. ओझं आज्जीच्या हातात राहू नये म्हणून तिनं घाईघाईनं आपला हिरवा पदर सोडला आणि त्याची दोन टोकं धरून आज्जीच्या पदराखाली पसरला.

सगळे मोबाइल वर झाले. नात पदर पसरून उभी, आज्जी ज्वारी देतेय, मागं कमान, कमानीला घुंगराची काठी. जे होऊ नये म्हणून चांगुणाबाई आली होती ते अगदी तिच्या हाताखाली, बोटभर अंतरावर उभं होतं.

"न्हाई!" ती ओरडली आणि टोकं सोडून देऊन तिनं प्रियंकाचे हात झटकले. ज्वारी वेशीत सांडली. कमानीच्या या दगडापासून त्या दगडापर्यंत पांढरी पसरली.

कुणी हललं नाही. धान्यावर पाय द्यायचा नाही, हे या गावात रांगणाऱ्या पोरालाही शिकवतात. पाहुणे कमानीबाहेर, गाव आत आणि मध्ये ज्वारी. बॅगा घेऊन निघालेला बसचा क्लीनर पाय उचलून तसाच थांबला.

"उचला, उचला! लक्ष्मी हाय ती," अंकुशराव म्हणाले.

कुणी उचलायची ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. सिद्धप्पानं चांगुणाबाईकडं बघितलं. हेमावतीनं बघितलं. गावातली पोरं, बाया, सगळ्यांच्या नजरा येऊन तिच्यावर थांबल्या. जीपजवळ उभ्या असलेल्या राजपालचीसुद्धा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वेशीत सांडलंय, तर तीच वाकणार, असं सगळ्यांना आपोआप वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटलं. तिची कंबर वाकायला लागली होती.

प्रियंकानं तिचा दंड घट्ट धरला. "आज्जी," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "सरळ उभी ऱ्हा."

चांगुणाबाई सरळ उभी राहिली. लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि पोरीच्या बोटांचा दाब दंडावर फार बरा वाटत होता. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

धनराजनं मामाकडं बघितलं. मामानं सिद्धप्पाकडं बघितलं. सिद्धप्पा धोतर सावरत बसला. बसच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. बाहेर उन्हात पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली, एक पोरगं रडायला लागलं. कुणीच पुढं येईना.

शेवटी अंकुशराव खुर्चीवरून उठले. ज्वारी त्यांच्या मळ्यातली होती, पाहुणेही त्यांचेच. ओट्याला धरून ते खाली उतरले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, वाकवेना तेव्हा मांडी घालून भुईवरच बसले. फेटा कपाळावर घसरला. दोन्ही हातांनी ते दाणे गोळा करायला लागले आणि ओंजळ ओंजळ सुपात टाकायला लागले.

हैदराबादच्या बाईनं मोबाइल वर केला. धनराज धावत तिच्यापुढं गेला आणि त्यानं पंजा आडवा धरला.

"मॅडम, ये नहीं," तो म्हणाला. "ये प्रोग्राम में नहीं है."